साडेतीनचा चहा

"आज कोणाची?" गेटबाहेर पाऊल टाकल्या टाकल्या चेतनने विचारलं.

"माझी," मी म्हणालो. "सगळ्यांना एकेक पाव जास्तीचा सांग."

"किती काढले?"

"साडेचार."

"हजार?"

"मग काय रुपये, भो?"

अंबडच्या आमच्या कारखान्यात पहिली पाळी दुपारी साडेतीनला सुटायची आणि शेअर बाजारही साडेतीनलाच बंद व्हायचा. गेटसमोर पत्र्याच्या शेडमध्ये मिसळ मिळायची. नियम आम्हीच करून ठेवला होता. ज्याला त्या दिवशी फायदा झाला त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची. तोट्याचा काही नियमच नव्हता. ज्याचे गेले त्याने गुपचूप दुसऱ्याची मिसळ खायची आणि घरी जायचं. आम्ही आठ जण होतो, सगळे डिप्लोमावाले, सगळे पंचविशीच्या आसपासचे, आणि सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एकच ॲप. आठवड्यातून तीनदा तरी मिसळ व्हायचीच. आता तुम्हीच सांगा, बाहेरून बघणाऱ्याला काय वाटेल? ही पोरं रोज छापतायत, असंच ना.

आमच्यातल्या कोणीही एकाही कंपनीचा अहवाल उघडून पाहिला नव्हता. बाप पोस्टात पैसे ठेवायचा म्हणून पोस्ट वेडगळ, आणि शेजारचा मिसळ देतो म्हणून बाजार शहाणा, एवढाच आमचा अभ्यास. शहरातली तरुण मुलं विचार करून पैसे गुंतवतात असं कोणी म्हणालं ना, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी त्याला त्या शेडमध्ये नेतो.

आणि आता खरं सांगतो. त्या दिवशी मी साडेचार हजार कमावले नव्हते. सहा घालवले होते. मिसळीचे सातशे वीस रुपये पगारातले होते. तीन आठवडे माझी पार्टी झाली नव्हती आणि आदल्या दिवशी कोणीतरी सहज म्हणालं होतं, "काय हर्षल, बंद केलं वाटतं?" तेवढं मला झोंबलं. तोपर्यंत माझे सव्वा लाख गेले होते, त्यातले ऐंशी हजार बँकेचं कर्ज काढून घातलेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी तर अगदी तेवढीच होती. मी ती झाकून बसलो होतो आणि वरून लोकांना पाव वाटत होतो.

चेतन खैरनार आमच्या टोळक्यात नववा होता, पण त्याचा पैसा बाजारात नव्हता. सीएनसी मशीनवर काम करायचा. डबा घरचा, चहा घरून थर्मासमध्ये आणलेला, चप्पल तीन वर्षं तीच. मिसळ मात्र खायचा आणि खाऊन झाली की खिशातल्या छोट्या डायरीत काहीतरी लिहायचा. मला वाटायचं, मशीनचे आकडे लिहितो. त्या दिवशी शेडमधून बाहेर पडताना त्याने मला बाजूला घेतलं आणि डायरी उघडून दाखवली. आमच्या आठही जणांची नावं, आणि प्रत्येकापुढे उभ्या रेघा.

"हे काय?"

"पार्ट्या. जूनपासून मोजतोय मी. तुझ्या आजची धरून अकरा. सगळ्यात जास्त तुझ्या आहेत."

मला हसू आलं. हसलो नाही.

"म्हणजे तुझं बरोबर येतंय," तो म्हणाला. "बाकीच्यांचं मी धरत नाही. तुझ्या हाताखाली सहा लाख लावले तर दसऱ्यापर्यंत नऊ होतील का? तीनच वाढवायचेत. जास्त हाव नाही."

सहा लाख कुठले, ते मला ठाऊक होतं. चेतनचे वडील ट्रकवर होते, तो बारावीत असताना गेले. विम्याचे आणि फंडाचे मिळून आलेले पैसे त्याच्या आईने, सिंधूमावशींनी, पोस्टात टाकले आणि पुन्हा हात लावला नाही. मायलेकरं सिडकोत मामाच्या घरी राहायची, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. पाथर्डी फाट्याला एक वन बीएचके बघून ठेवलं होतं. बँक कर्ज देणार होती ते धरूनही तीन लाख कमी पडत होते. बिल्डरने दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं.

"बघू," मी म्हणालो.

"बघू नको. रविवारी घरी ये जेवायला. पोस्टातलं खातं आईच्या नावावर आहे आणि ती सही करत नाहीये. म्हणते, हर्षल सांगेल तर करते."

रविवारी मामा-मामी सिन्नरला लग्नाला गेले होते. मोकळं स्वयंपाकघर मिळालं म्हणून सिंधूमावशींनी वरण-बट्टी केली होती. ठेंगणी, काटक बाई. पदर खोचून ओट्यापाशी उभ्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी ओटा पुसत होत्या, परक्याच्या घरी पुसतात तसा. बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढलेली, त्यामुळे माझ्याशीही त्या अंगणवाडीतल्या मुलाशी बोलावं तशा बोलायच्या.

"हात धुतलेस का? बस. तूप घे अजून. आज मोजायला कोणी नाही."

"एरवी मोजतात?"

"तूप नाही रे. चहा मोजतात." त्या हसल्या. "माझी वहिनी वाईट नाही हो. पण तिच्या घरात तिची रीत. सकाळी एकदा चहा, संध्याकाळी सहाला एकदा. मला मेलीला दुपारी साडेतीनला हुक्की येते चहाची. अंगणवाडी सुटायची ना तेव्हा, तीच सवय. आता त्या वेळेला मी खोलीत बसून राहते. गॅस तिचा, साखर तिची, कसं उठायचं?"

चेतन खाली मान घालून बट्टी कुस्करत होता. मावशी आत गेल्या आणि पिशवीतून एक स्टीलचं पातेलं घेऊन आल्या. नवंकोरं, लहानसं, दोन कप चहा होईल एवढं. दुकानाचं स्टिकर तसंच चिकटलेलं.

"नव्या घरात पहिलं हेच चढवायचं. साडेतीनला. बाकी भांडी काय, नंतर येतील."

"आई, ते राहू दे. त्याला विचार ना," चेतन म्हणाला.

त्या माझ्यासमोर पाटावर बसल्या. पोस्टाचा फॉर्म त्यांनी पदराखाली मांडीवर धरला होता.

"हे बघ हर्षल, मला त्यातलं काही कळत नाही. चेतनचं मी ऐकत नाही, तो साधा आहे, कोणीही काही सांगितलं की खरं धरतो. तू हुशार. हा म्हणतो तुझ्या अकरा पार्ट्या झाल्या. मला एवढंच सांग, तुला खरंच फायदा झाला का? शपथ घालत नाही. शपथ खोट्या माणसाला घालतात. तू माझ्या हातचं चारदा जेवलायस, तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस."

माझ्या तोंडात बट्टीचा मोठा घास होता. एक शब्द पुरला असता. नाही मावशी. एवढंच. तो घास गिळून मी तेवढं म्हणू शकलो असतो आणि पुढचं सगळं तिथेच थांबलं असतं.

आज इतक्या वर्षांनी लोक मला विचारतात, म्हणजे मीच मला विचारतो, की खरं का नाही सांगितलंस? लाज वाटली का? हो, थोडी. चेतनसमोर अकरा रेघा पुसल्या गेल्या असत्या. पण लाज हे कारण नाही. खरं कारण घाणेरडं आहे. मी सहा महिने एकटा बुडत होतो आणि मला सोबत हवी होती. हा सज्जन, तीन वर्षं एकच चप्पल घालणारा, थर्मासमधून चहा पिणारा चेतन माझ्याबरोबर त्या पाण्यात उतरणार, या विचाराने मला बरं वाटलं. चक्क बरं वाटलं.

मी मान हलवली. वरून खाली, दोनदा.

"झालं तर मग," मावशी म्हणाल्या आणि फॉर्म चेतनकडे दिला. "कुठे करायची सही, दाखव. आणि त्याला वरण वाढ, बघ कोरडी खातोय."

चेतनचं खातं मी उघडून दिलं. माझा कोड टाकून उघडलं, कारण कोड टाकून नवा माणूस आणला की ॲप आपल्याला पाचशे रुपये द्यायचं. ते पाचशे माझ्या खात्यात आले त्या दिवशी मी मिसळ दिली. फायदा झाला म्हणूनच दिली आणि कित्येक आठवड्यांत तो पहिला खरा फायदा होता. चेतनने डायरीत बारावी रेघ ओढली.

आम्ही ऑप्शन घ्यायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजार वर जाणार की खाली, यावर लावलेली ती पैज असते आणि आमच्या पैजेची मुदत गुरुवारी साडेतीनला संपायची. बरोबर आलं तर दुप्पट-चौपट, चुकलं तर शून्य. शून्य म्हणजे शून्य, मागे काही उरत नाही. पोस्टात असलं काही नसतं. म्हणून तर पोस्ट आम्हाला वेडगळ वाटायचं.

पहिल्या दोन आठवड्यांत चेतनला अडतीस हजार मिळाले. देव पण काय माणूस आहे बघा, ज्याला बुडवायचं त्याला आधी पोहायला शिकवतो. चेतनने पहिल्यांदा मिसळ दिली आणि देताना त्याचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी मावशींनी माझ्यासाठी डब्यातून बेसनाचे लाडू पाठवले. मी ते खाल्ले.

तिसऱ्या आठवड्यापासून उलटं सुरू झालं. चाळीस गेले, परत पंचवीस आले, मग सत्तर गेले. चेतन पाळीत तीनदा संडासात जायला लागला. आम्ही दोघं शेजारशेजारच्या संडासात मोबाईल घेऊन बसायचो आणि मधल्या भिंतीवरून बोलायचो. सुपरवायझरला वाटायचं, मिसळ बाधली.

"हर्षल, अजून पडतंय."

"पडू दे. वर येतो तो."

"तुझं पण हेच आहे ना?"

"हेच आहे."

सप्टेंबर संपला तेव्हा त्याचे चार लाख दहा हजार उरले होते. दसरा दोन आठवड्यांवर आला होता. बिल्डरचा फोन रोज. एका बुधवारी चेतनने ठरवलं की सगळे एकदम लावायचे. मला विचारलं. मी म्हणालो, लाव, मी पण लावतोय. मी खरंच लावले होते. माझ्याकडचे शेवटचे एकवीस हजार.

गुरुवारी सकाळपासून बाजार आमच्याविरुद्ध गेला. साडेबाराला मी संडासात जाऊन माझे विकून टाकले. एकवीसचे चौदा आले. जीव भांड्यात पडला. हात धुऊन बाहेर आलो तर चेतन मशीन सोडून दारात उभा. घाम नाही, काही नाही, चेहरा पांढरा.

"आता काढले तर दोन नव्वद येतील," तो हळू आवाजात म्हणाला. "काढू का? दोन नव्वद तरी राहतील. आईला म्हणता येईल की घर पुढच्या वर्षी बघू."

मी त्याला काय सांगायला हवं होतं? मी काढले, तूही काढ. पण मी काढले म्हणायचं तर मी घाबरलो म्हणावं लागलं असतं. आणि गुरू कसा घाबरेल?

"थांब," मी म्हणालो. "शेवटच्या अर्ध्या तासात फिरतो बाजार. रडू नको लगेच."

"तू थांबलायस ना?"

"मग? पळालो असतो तर इथे असतो का?"

तो मशीनवर परत गेला. साडेतीनला पाळी सुटली. गेटबाहेर त्याने मोबाईल बघितला आणि मला दाखवला. अकरा हजार चारशे. त्या दिवशी दुसऱ्या कोणाची तरी मिसळ होती. चेतनने ती पूर्ण खाल्ली, तर्री मागून घेतली, दोन पाव जास्तीचे घेतले. मला वाटलं, मारेल. काहीच केलं नाही. मी हात धुऊन आलो तोवर तो निघून गेला होता.

रात्रभर मला एकच भीती होती, की सकाळी तो येणार नाही. कोणाचा तरी फोन येईल आणि तो फोन मला आयुष्यभर पुरेल. वाईट माणसालाही भीती असते हो. पण ती आपल्यापुरतीच असते.

तो आला. वेळेवर आला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि हातात पेढ्यांचा पाव किलोचा पुडा. कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

"हे काय?"

"पेढे. आज मी देतोय. पाळी सुटेपर्यंत धीर नाही."

"चेतन, वेडा झालास का? चार लाख..."

"हळू बोल." त्याने लॉकर उघडून डबा आत ठेवला. "काल शेडमध्ये तू हात धुवायला गेलास ना, तेव्हा तुझा मोबाईल टेबलावर होता. तुझ्या सौद्याचा मेसेज आला. वेळ लिहिली होती त्यात. बारा बत्तीस."

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. 

"मी पावणेएकला तुला विचारलं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "असो. आणि अकरा पार्ट्या?"

"त्यातल्या दोन खऱ्या होत्या."

"दोन." त्याने खिशातून डायरी काढली, ती पानं फाडली, चुरगळली आणि कोपऱ्यातल्या तेलकट चिंध्यांच्या डब्यात टाकली.

"मावशींना काय सांगितलंस?"

"म्हटलं, पैसे लॉक केलेत. पाच वर्षं. मधे काढता येत नाहीत, सरकारी नियम आहे. पाच वर्षांनी बारा होतील, मग वन बीएचके कशाला, टू बीएचकेच घेऊ. खूश झाली. म्हणाली, हर्षलला विचारून केलंस ना? म्हटलं, त्याला विचारूनच."

"आणि पाच वर्षांनी रे?"

"तिला शुगर आहे, बीपी आहे." त्याने लॉकरचं दार लावलं. "पाच वर्षं राहिली तर बघू."

आईबद्दल असं बोलणारा हा चेतन मी आधी पाहिला नव्हता. तो मी घडवला होता, सहा लाखांत.

मधल्या सुट्टीत त्याने पेढे वाटले. किती काढले म्हणून सगळ्यांनी विचारलं, तो म्हणाला, चाळीस. सगळ्यांनी पाठीवर थापा मारल्या. क्वालिटी विभागात त्याच महिन्यात मृणाल बच्छाव नावाची मुलगी नव्याने लागली होती, चांदवडकडची, एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. तिने पेढा हातातच धरला आणि विचारलं, "चेतन सर, खरंच होतो का हो फायदा? माझ्या मुदत ठेवीचे दीड लाख आहेत, बाबांनी लग्नासाठी ठेवलेले. नुसते पडून आहेत."

चेतनने नुकताच एक पेढा तोंडात टाकला होता. तो माझ्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही. त्याने मान हलवली. वरून खाली, दोनदा.

हे तो कुठे शिकला ते मला कळलं. रविवारी जेवताना त्याने पाहिलं होतं. मी अजूनही बोलू शकत होतो. पुडा माझ्यासमोर आला. मी दुसरा पेढा उचलला.

मृणालने पुढच्या जानेवारीत नोकरी सोडली. का ते मी विचारलं नाही. जायच्या आदल्या दिवशी तिने सगळ्यांना मिसळ दिली होती.

मी दोन वर्षांत कर्ज फेडलं, कारखाना बदलला, लग्न केलं. आता पगारातले पैसे दर महिन्याला पोस्टात टाकतो, बायको हसते. सिंधूमावशी मात्र मला सोडायला तयार नव्हत्या. दर दिवाळीला चेतनबरोबर लाडवांचा डबा यायचा. एकदा रस्त्यात भेटल्या तर हात धरून म्हणाल्या, "तुझे उपकार आहेत बाबा. अरे, वहिनीला कळलंय माझे पैसे लॉकमध्ये वाढतायत म्हणून. आता दुपारी साडेतीनला स्वतः चहा आणून देते मला. अक्का घ्या, म्हणते. तुमच्या नव्या पातेल्यात करू का, विचारलं तिने, तर म्हटलं, ते नव्या घरचं आहे, त्याला हात लावायचा नाही."

मी विचारलं, "तब्येत कशी आहे?"

"तब्येतीला काय झालंय? टू बीएचके बघितल्याशिवाय जात नाही मी."

बघितल्याशिवायच गेल्या. पाच वर्षांना पाच महिने कमी असताना, झोपेत, काही त्रास न होता. मी तेराव्याला गेलो. जायला नको होतं, पण न जाण्याचीही हिंमत झाली नाही. जेवणं उरकली, माणसं पांगली. मागच्या मोरीत चेतन माझ्या हातावर तांब्याने पाणी घालत होता. केस विरळ झाले होते. चप्पल मात्र नवी होती.

"वेळेत गेली," तो म्हणाला.

मी तळहात चोळत होतो.

"अजून पाच महिने राहिली असती ना, तर मला सांगावं लागलं असतं. मी रोज रात्री दिवस मोजायचो, हर्षल. आईचे. कळतंय का तुला? मी माझ्या आईचे दिवस मोजायचो, पार्ट्या मोजल्या तसे." त्याने तांब्या खाली ठेवला. "सकाळी ती उठली की मला वाईट वाटायचं."

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. माझा हात ओला होता आणि तो माझा होता. मी ठेवला नाही.

तेवढ्यात मामी ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये तीन कप. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

"घ्या भाऊ. अक्कांची वेळ आहे ही. त्यांच्याच पातेल्यात केला आज. स्टिकर काही केल्या निघेना, राख लावून घासलं." त्यांनी पदराने डोळे टिपले. खरे अश्रू होते, मी बघितलं. "फार स्वाभिमानी बाई. म्हणायच्या, वहिनी, माझे लॉकचे सुटले ना, की चेतन आणि मी तुमच्या खोलीचं भाडंसुद्धा मागच्या सगळ्या वर्षांचं देऊ. मी म्हटलं, अक्का, भाड्याचं काय बोलता?"

चेतनने कप घेतला. मीही घेतला.

"आता चेतनचं कोण आहे आमच्याशिवाय?" मामी म्हणाल्या. "ती खोली त्याचीच आहे. लग्न करू त्याचं. ते पैसे सुटेपर्यंत आम्ही आहोत सगळं बघायला." त्या माझ्याकडे वळल्या. "पाच महिन्यांत सुटतील ना हो? अक्का म्हणायच्या, तुम्हाला सगळं माहितीये, तुमच्यावरच सोडलंय."

चेतन कपात बघत होता. मी चहाचा घोट घेतला आणि तोंडातच धरला. गोड होता, आलं घातलेलं होतं.

मी मान हलवली.

मामींचा चेहरा उजळला. "अजून अर्धा कप घ्या," त्या म्हणाल्या, "पातेल्यात आहे."

मी कप पुढे केला.